पाच सिरिंजांचा दवाखाना

आफ्रिकेतील आडगावी चर्चतर्फे काम करणाऱ्या परदेशी सेवकाची गोष्ट बहुधा त्यागाची म्हणून सांगितली जाते. घरदार सोडले, हिवताप सोसला, आयुष्य वाहिले. ते खोटे नसते. पण अशा माणसाचा दिवस बराचसा रुक्ष कामांत जातो. पाणी उकळायचे, जनरेटरचे डिझेल पाहायचे, औषधांचा हिशेब ठेवायचा, सुया मोजायच्या. रुग्णाचे जगणे-मरणे पुष्कळदा याच कामांवर ठरते. त्यांची हयगय झाली की काय होते, ते १९७६ मध्ये यांबुकूत दिसले.

यांबुकू हे तेव्हाच्या झाईरमधील, म्हणजे आजच्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकातील, जंगलपट्ट्यातले गाव. बेल्जियन कॅथलिक मिशनने १९३५ मध्ये तिथे रुग्णालय काढले. १२० खाटा, १७ कर्मचारी. त्यांत एक स्थानिक वैद्यकीय सहायक आणि शुश्रूषा व बाळंतपणे पाहणाऱ्या बेल्जियन धर्मभगिनी होत्या. बाह्यरुग्ण मात्र महिन्याला सहा ते बारा हजार. औषधे मिळतात म्हणून लोक दूरदूरहून येत. बहुतेक औषधे सुईवाटेच दिली जात. ‘सुई दिल्याशिवाय गुण येत नाही’ हा समज महाराष्ट्रातील दवाखान्यांनाही नवा नाही.

रोज सकाळी बाह्यरुग्ण विभागाला पाच सिरिंज आणि सुया मिळत. दिवसभर त्याच वापरायच्या. दोन रुग्णांच्या मध्ये कोमट पाण्याच्या भांड्यात खळबळून घ्यायच्या. दिवस संपल्यावर त्या कधी उकळल्या जात, कधी नाही. ऑगस्टच्या अखेरीस मिशनच्या शाळेचे मुख्याध्यापक तापाने आजारी पडले. हिवताप समजून त्यांना क्लोरोक्विनचे इंजेक्शन दिले गेले. ८ सप्टेंबरला ते गेले. तोवर इतर रुग्ण आजारी पडू लागले होते. त्यांच्यात प्रसूतिपूर्व तपासणीला आलेल्या गर्भवती होत्या, रुग्णांची शुश्रूषा करणारे नातलग होते, धर्मभगिनीही होत्या. १७ पैकी ११ कर्मचारी दगावले आणि महिनाअखेरीस रुग्णालयाला कुलूप लागले. त्या उद्रेकात ३१८ जणांना लागण झाली, २८० मरण पावले. नव्या विषाणूला जवळच्या नदीवरून ‘इबोला’ हे नाव मिळाले. तपासात आढळले, की ज्यांना केवळ इंजेक्शनमधून लागण झाली, त्यांतला एकही वाचला नाही.

गरिबीत दुसरे काय करणार, असा बचाव यावर केला जातो. तो पुरता टिकत नाही. त्याच रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहाची सामग्री वेगळी ठेवली जाई आणि वापरानंतर वाफेच्या यंत्रात निर्जंतुक होई. म्हणजे ज्ञान होते, यंत्रही होते. फक्त शस्त्रक्रिया गंभीर मानली गेली आणि इंजेक्शन किरकोळ. धर्मभगिनींच्या हेतूत खोट नव्हती; आजाऱ्यांना सोडून त्या पळाल्या नाहीत आणि त्यांतल्या काही त्याच तापाने गेल्या. दोष व्यवस्थेचा होता. माणसे पाठवली गेली, पण पुरेशा सुया, प्रशिक्षण आणि नियमित तपासणी त्यांच्यामागोमाग गेली नाही. चांगुलपणावर भरवसा ठेवला की तपासणी अपमानास्पद वाटू लागते. मिशनच्या दवाखान्याला हा धोका जास्त, कारण सेवाभावी माणसाला जाब विचारणे कोणालाच रुचत नाही.

याच परंपरेची दुसरी बाजू युगांडातील गुलूजवळच्या लाकोर रुग्णालयात दिसते. कोम्बोनी मिशनऱ्यांनी ते १९५९ मध्ये सुरू केले. १९६१ मध्ये इटालियन डॉक्टर पिएरो कोर्ती आणि कॅनडाच्या शल्यविशारद ल्युसील टिस्डेल तिथे आले, विवाहबद्ध झाले आणि तिथलेच झाले. युद्धातील जखमींवर शस्त्रक्रिया करताना ल्युसीलना एचआयव्हीची लागण झाली. १९९६ मध्ये त्या वारल्या. त्यागाच्या गोष्टी त्यांच्यापाशी थांबतात. पण या दांपत्याचे मोठे काम म्हणजे युगांडाचे डॉक्टर आणि परिचारिका घडवणे. २००० मध्ये गुलूत इबोला आला, तेव्हा रुग्णालयाची सूत्रे युगांडाचे डॉ. मॅथ्यू लुक्विया यांच्या हाती होती. लक्षणे पडताळून त्यांनी रोग ओळखला, विलगीकरण कक्ष उभारला, हातमोजे-मुखपट्टीची शिस्त लावली. ५ डिसेंबरला ते स्वतः आणि त्यांच्या आगेमागे अनेक सहकारी याच रोगाने गेले. ४२५ रुग्णांपैकी २२४ दगावले. विषाणूचा प्रकार वेगळा होता, म्हणून हे आकडे यांबुकूशी थेट ताडून पाहता येत नाहीत. पण यांबुकूत रोग पसरवणारी जागा रुग्णालय होती. लाकोरमध्ये रोग अडवण्याचे काम रुग्णालयाने केले.

एकदा वापरली की आपोआप निकामी होणारी सिरिंज आता उपलब्ध आहे. २००३ अखेरपर्यंत सर्व लसीकरण अशाच सिरिंजने व्हावे, असे आवाहन जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने १९९९ मध्ये केले होते. तिच्यामुळे शिस्तीचा एक भाग वस्तूतच आला. तरी हात धुणे, कचरा जाळणे, साठा संपण्याआधी मागणी नोंदवणे माणसालाच करावे लागते. परदेशी सेवाकार्याला देणगी देणाऱ्याने त्यागाच्या कथेवर समाधान मानू नये. तिथे सुया किती येतात, त्या कोण मोजते आणि परदेशी माणूस परतल्यावर ते काम कोण करणार, हे त्याने आधी विचारावे. मिशनच्या माणसांनीही या प्रश्नांनी दुखावले जाऊ नये.