दहावीचे टक्के आणि पीयूसीचा उंबरठा

दहावीचा निकाल लागला की आमच्या सीमाभागातील खेड्यांत चौकाचौकांत फलक झळकू लागतात. मुलामुलींचे फोटो, त्याखाली टक्के, त्याखाली युवक मंडळाची, सोसायटीची, ग्रामपंचायत सदस्यांची नावे. मग मंदिरासमोर सत्कार होतो. आम्हीही अशा व्यासपीठांवर गेली अनेक वर्षे बसत आलो आहोत. शाल-नारळ घ्यावा, "गावाचे नाव उज्ज्वल केलेस" असे दोन शब्द बोलावेत आणि घरी यावे, हा परिपाठ. परंतु त्याच फलकावरचा मुलगा दिवाळीच्या सुमारास बसस्टँडवर भेटतो. "काय रे, कॉलेजला सुट्टी?" म्हणून विचारावे तर मान खाली घालून सांगतो, "सायन्स सोडलं सर. पुढच्या वर्षी आयटीआय बघतो."

एखाददुसरा असा भेटला असता तर त्याच्या आळसाला बोल लावून आम्ही मोकळे झालो असतो. पण दरवर्षी भेटतात, आणि जे भेटतात ते वर्गातले पहिल्या पाचातले असतात. तेव्हा हा दोष त्या मुलांचा नसून आम्ही त्यांना जे देऊन पाठवतो त्याचा आहे, हे कबूल करावयास हवे.

मूळ अडचण काय आहे ती नीट पाहू. आमचा विद्यार्थी पहिली ते दहावी मराठीतून शिकतो. एसएसएलसीची प्रश्नपत्रिका त्याला मराठीतून मिळते. सहाशे पंचवीस गुणांपैकी सव्वाशे गुण तर प्रथम भाषेचे, म्हणजे मराठीचेच. जूनमध्ये तो पीयूसीला जातो आणि सायन्स घेतो. तेथे पदार्थविज्ञान, रसायन, गणित, जीवशास्त्र हे चारही विषय एका रात्रीत इंग्रजी होतात. पुस्तके एनसीईआरटीची. कर्नाटकने ती पीयूसी सायन्सला २०१२ पासून लावली आहेत. पुस्तके चांगली आहेत, यात वाद नाही, पण ती लिहिणाऱ्यांनी वाचणाऱ्याचे इंग्रजी बऱ्यापैकी आहे असे गृहीत धरले आहे. आर्ट्सला गेला तर कन्नड किंवा इंग्रजी. मराठी उरते ती फक्त एक भाषाविषय म्हणून, आणि तीही ज्या कॉलेजात मराठीचे प्राध्यापक असतील तेथेच.

आमच्या एका विद्यार्थिनीची गोष्ट सांगतो. शेतकऱ्याची मुलगी, विज्ञानात हुशार. धावत्या बैलगाडीपेक्षा धावत्या ट्रकला थांबवणे का कठीण, हे तिने नववीत स्वतःच्या शब्दांत असे समजावून सांगितले होते की आम्ही वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. फर्स्ट पीयूसीला गेल्यावर पहिल्या चाचणीत तिला शंभरापैकी अकरा गुण मिळाले. रडत आली. पेपर पाहिला तर पहिलाच प्रश्न 'कायनेटिक एनर्जी' वर. आम्ही विचारले, "गतिज ऊर्जा म्हणजे काय?" तिने धडाधड सांगितले, सूत्र लिहिले, उदाहरण सोडवले. मग म्हटले, "अगं, हेच तर विचारलंय." ती आमच्याकडे नुसती पाहत राहिली. 'मोमेंटम' म्हणजे संवेग, 'ॲक्सिलरेशन' म्हणजे त्वरण, 'व्हॅलन्सी' म्हणजे संयुजा, 'एल.सी.एम.' म्हणजे आपला लसावि. सारे तिला येत होते. फक्त त्याची दुसरी नावे तिला कुणी सांगितली नव्हती. तिच्या कॉलेजातील प्राध्यापकांना वाटले तिला विज्ञान येत नाही. तिलाही तसेच वाटू लागले होते, आणि आमच्या मते खरा घात तेथे होतो.

कॉमर्सचेही असेच. आमच्या खेड्यातल्या पोरांनी सोसायटीच्या सेक्रेटरीला रोजकीर्द आणि खतावणी लिहिताना लहानपणापासून पाहिलेले असते. ताळेबंद हा शब्द वार्षिक सभेत कानावर पडलेला असतो. 'जर्नल', 'लेजर' आणि 'बॅलन्स शीट' म्हणजे तीच लाल कापडी बांधणीची वही, एवढे एक वाक्य पहिल्या दिवशी कुणी सांगितले तरी निम्मी भीती जाते. पण सांगणार कोण? कॉलेजातील प्राध्यापक बहुधा कन्नड भाषिक. त्यांचा त्यात काय दोष? ते कन्नड मुलांना कन्नडमधून दोन शब्द समजावून सांगू शकतात. आमची मुले मागच्या बाकावर गप्प बसतात. गेल्या काही वर्षांत शाळेतून कन्नडही सक्तीने शिकविले जाते, पण परीक्षेपुरते पाठ केलेले कन्नड आणि प्राध्यापक भरभर बोलतात ते कन्नड यांत पुष्कळ अंतर आहे.

हे झाले भाषेचे. परंतु सारे खापर भाषेवर फोडून आम्ही शिक्षक सुटू शकत नाही.

परीक्षा मंडळाने २०२४ साली एसएसएलसीच्या परीक्षा केंद्रांत कॅमेरे बसवून थेट देखरेख सुरू केली. आदल्या वर्षी राज्याचा निकाल ८३.८९ टक्के होता, तो एकदम ७३.४० वर आला. आणि हा ७३.४० सुद्धा त्या वर्षी वाढीव गुणांची मर्यादा वीस टक्क्यांपर्यंत नेल्यावरचा आहे. वाढीव गुण दिले नसते तर आकडा किती खाली गेला असता याचा विचार ज्याचा त्याने करावा. हा निकाल साऱ्या राज्याचा, केवळ मराठी शाळांचा नव्हे. पण आमच्या फलकांवरील टक्क्यांत खरे ज्ञान किती आणि केंद्रावरील 'सहकार्य' किती, हा प्रश्न आता टाळता येणार नाही. त्याच वर्षी तीन परीक्षा आणि त्यांतील सर्वोत्तम गुण ग्राह्य, अशीही सोय झाली. मूल नापास झाल्याने घरी बसू नये हा हेतू उत्तमच. मात्र पुन्हा परीक्षा देऊन काठावर निघालेला मुलगाही पीयूसीच्या त्याच वर्गात, त्याच पुस्तकापुढे जाऊन बसतो.

आणखी एक कबुली. निकाल वाढावा म्हणून जानेवारीपासून 'येणारे प्रश्न' काढून देणे, त्यांची उत्तरे फळ्यावर लिहून देणे, ती पाठ करून घेणे हे आम्हीही केले आहे. वरून दट्ट्या असतो, शेजारच्या शाळेशी तुलना असते, पालकही तेच मागतात. त्यातून मूल उत्तीर्ण होते. पण पुस्तकाचे एक पान स्वतः वाचून त्यातला मुद्दा काढणे, न समजलेले विचारणे, शिक्षक बोलत असता टिपण घेणे, यांपैकी एकही सवय त्याला लागत नाही. हायस्कुलात वही तपासली जाते, गृहपाठ नाही केला तर कान धरला जातो, आठ दिवस शाळेत आला नाही तर सर घरी येतात. कॉलेजात यातले काही नाही. एका वर्गात ऐंशी-नव्वद मुले, तास संपला की प्राध्यापक बाहेर. इंग्रजीचेच घ्या. रजेचा अर्ज आमच्या मुलांना तोंडपाठ येतो, पण तापाऐवजी बहिणीच्या लग्नाचे कारण द्यायचे झाले तर लेखणी अडते.

यावर पालकांनी आपापल्या परीने तोड काढली आहे. पोराला केजीपासूनच इंग्रजी माध्यमात घालायचे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मे २०१४ मध्ये, सरकार शिक्षणाचे माध्यम लादू शकत नाही, असा निर्णय दिला. त्यानंतर तर तालुक्याच्या गावांकडे पिवळ्या व्हॅन सकाळी रांगेने निघताना दिसतात. कुणाला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. आमच्या सहकाऱ्यांची, समितीच्या कार्यकर्त्यांची मुलेही त्या व्हॅनमध्ये असतात. मात्र घरी इंग्रजीचा गंध नाही आणि शिकविणाऱ्या बाईंचे इंग्रजीही बेताचे, अशा ठिकाणी मूल घोकंपट्टीच करते. ते 'कायनेटिक एनर्जी' हा शब्द झटकन म्हणेल; ट्रक थांबवणे कठीण का, हे त्याला सांगता येईलच असे नाही. आमच्या त्या विद्यार्थिनीला अर्थ येत होता, शब्द नव्हता. शब्द महिन्या-दोन महिन्यांत शिकविता येतो. अर्थ शिकवायला वर्षे लागतात. म्हणून प्राथमिक शिक्षण मराठीतूनच, हे आमचे मत आजही कायम आहे. फक्त पुढच्या प्रवासाची शिदोरी बरोबर बांधून द्यावयास हवी होती, ती आम्ही दिली नाही.

सीमेपलीकडे चंदगड-गडहिंग्लजकडे बऱ्याच मराठी शाळांतून 'सेमी-इंग्रजी' आहे. गणित व विज्ञान इंग्रजीतून, बाकी विषय मराठीतून. त्यातही दोष आहेत, पण अकरावीचा धक्का निदान विभागून बसतो. आमच्या पाहण्यातील सीमाभागातल्या खेड्यांत तशी सोय नाही. विज्ञानाच्या शिक्षकाची जागा रिकामी, तेथे वर्षापुरते अतिथी शिक्षक, तेही कधी ऑगस्टमध्ये रुजू होणारे, अशी स्थिती असता सेमी-इंग्रजी मागायचे तरी कोणत्या तोंडाने?

येथे घटनेतील तरतुदींचाही विचार करावा लागतो. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून शिक्षणाची सोय द्यावी, असे सांगणारे ३५० (अ) हे कलम १९५६ साली आले. आमचे सारे अर्ज-विनंत्या त्याच्या आधारे चालतात. परंतु ते कलम प्राथमिक शिक्षणापुरते बोलते. सोळाव्या वर्षी मूल ज्या दारातून बाहेर पडते त्या दारापाशी हे संरक्षण पोहोचतच नाही. १ नोव्हेंबरला काळा दिन पाळतो, मराठी परिपत्रकांसाठी मोर्चे काढतो, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेल्या दाव्याच्या तारखेकडे डोळे लावून बसतो. हे सर्व आवश्यकच आहे आणि आम्ही स्वतः त्यात आहोत. तथापि मराठी शाळेतून बाहेर पडलेल्या मुलांचे फर्स्ट पीयूसीला काय होते याचा ठराव एकाही बैठकीत आमच्या हातून मांडला गेला नाही. दाव्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. दरम्यान शिकून बाहेर पडलेल्या पिढ्या काही परत येणार नाहीत.

एक छोटी पण महत्त्वाची बाब पालकांनी ध्यानात घ्यावी. वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' परीक्षा तेरा भाषांतून देता येते, त्यात मराठी आहे. मात्र मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातील केंद्रांवरच मिळते. बेळगावचे केंद्र निवडलेल्या मुलाला इंग्रजी, हिंदी, उर्दू वा कन्नड एवढेच पर्याय. अर्ज भरतानाच हे ठरवावे लागते. तसेच महाराष्ट्राने दावा केलेल्या ८६५ गावांतील विद्यार्थ्यांसाठी तिकडच्या व्यावसायिक अभ्यासक्रमांत प्रवेशाची वेगळी तरतूद आहे. कित्येक घरांत या दोन्ही गोष्टी ठाऊकच नसतात. सायबर कॅफेवाला जे भरील ते खरे, अशी परिस्थिती आहे.

आणि न्यायाने हेही सांगितले पाहिजे की जत, अक्कलकोट भागातील कन्नड शाळांतून महाराष्ट्राच्या कॉलेजांत जाणाऱ्या मुलांचे दुःख आमच्या मुलांसारखेच आहे. तिकडच्या शिक्षकांशी बोलणे झाले तर दोघांनाही उपयोग होईल असे आम्हांस वाटते.

मुलींबद्दल थोडे. जून २०२३ पासून 'शक्ती' योजनेमुळे मुलींना बसप्रवास फुकट झाला आणि पूर्वी दहावीनंतर चुलीपाशी बसणाऱ्या मुली शहरातल्या कॉलेजांत दिसू लागल्या. सकाळच्या गाडीत उभे राहायला जागा नसते. पण भाडे हेच एक कारण होते तोवर ती शिक्षण सोडते का, हा प्रश्न सोपा होता. आता पहिल्या वर्षी नापास झाली की घरचे म्हणतात, "तुला सरकारनं फुकट पाठवलं, तरी जमलं नाही." मुलाला आयटीआय असते, दुकान असते. मुलीचे पुढच्या मे महिन्यात लग्न ठरते.

आमच्या गावच्या शाळा सुधारणा समितीत यावर तीन बैठका झाल्या. पहिलीत एकमेकांना दोष देण्यातच वेळ गेला. दुसरीत एका सदस्याने, "इंग्रजी वाढवले तर मराठी शाळा म्हणायचे कशाला?" असा आक्षेप घेतला, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. अखेर असे ठरले की आठवीपासून विज्ञान-गणिताचा धडा मराठीतूनच शिकवायचा, पण प्रत्येक पारिभाषिक शब्दापुढे त्याचे इंग्रजी नाव फळ्यावर व वहीत लिहायचेच. दहावीची परीक्षा एप्रिलच्या आरंभी संपते, कॉलेज जूनमध्ये सुरू होते. मधले दोन महिने मुले काजू गोळा करण्यात आणि क्रिकेटमध्ये घालवतात. त्या काळात सकाळी दोन तास समाजमंदिरात वर्ग घ्यायचा. गावातलाच बी.एस्सी. झालेला एक तरुण आणि निवृत्त झालेले एक गुरुजी तयार झाले आहेत. फी नाही. एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकातले रोज एकच पान, मोठ्याने वाचायचे, अडलेल्या शब्दाखाली रेघ मारायची, आणि ते पान काय म्हणते ते मराठीत लिहायचे.

पहिल्या दिवशी चौदा मुले आली होती. चौथ्या दिवशी नऊ. वळवाचा पाऊस झाला त्या दिवशी पाच. ती विद्यार्थिनी आता सेकंड पीयूसीला आहे, सुट्टीत तीही शिकवायला येते. तिने आपल्या वहीतले सारे शब्द मुलांना उतरवून घ्यायला दिले आहेत. दिवाळीच्या सुट्टीत या पाच-नऊ जणांच्या चाचणीचे पेपर घेऊन यायला आम्ही सांगितले आहे.