वाशिम : एका लोकसभा मतदारसंघाचा अस्त

लोकसभेच्या राज्यवार जागा १९७६ पासून गोठवलेल्या आहेत. २००१ च्या ८४ व्या घटनादुरुस्तीने हे बंधन २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत पुढे नेले. जून २०२५ मध्ये २०२७ च्या जनगणनेची अधिसूचना निघाली आणि मतदारसंघांच्या फेररचनेचा विषय पुन्हा राष्ट्रीय चर्चेत आला. दक्षिणेला किती, उत्तरेला किती, या वादाने वृत्तपत्रांचे रकाने भरतात. पण राज्यांच्या वाट्याला धक्का न लावताही एखाद्या जनपदाचे राजकीय अस्तित्व नकाशावरून कसे पुसले जाते, याचा धडा विदर्भात वाशिमने घेतलेला आहे. त्याची आठवण मात्र फारशी कोणी काढत नाही.

वाशिमला हा अनुभव नवा नाही. वाकाटकांच्या ज्या शाखेची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशिम, येथे होती, ती शाखाच १९३९ पर्यंत इतिहासाला अज्ञात होती. त्या वर्षी येथे दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट सापडला आणि सर्वसेनापासून हरिषेणापर्यंतची परंपरा उजेडात आली. याच हरिषेणाच्या वराहदेव नामक सचिवाने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरविले. एवढा वैभवशाली राजवंश विस्मृतीत गेला, तर अवघ्या तीन दशकांच्या मतदारसंघाची काय कथा? इंग्रजी अमदानीत वऱ्हाडातील सहा जिल्ह्यांपैकी एक वाशिम होता. १९०५ च्या फेररचनेत तो मोडला गेला. वाशिम आणि मंगरूळ हे तालुके अकोल्यात गेले, पुसद यवतमाळात. त्या वेळी लोकांना विचारण्याचा प्रश्नच नव्हता, कारण राज्य परक्यांचे होते. जिल्ह्याचे नाव परत मिळायला १ जुलै १९९८ उजाडावा लागला. योगायोग असा की, हीच तारीख वसंतराव नाईकांच्या जन्माचीही!

हा योगायोग येथे सांगण्याचे कारण आहे. १९७१ च्या जनगणनेवर आधारलेल्या रचनेनुसार १९७७ मध्ये वाशिम लोकसभा मतदारसंघात निवडणूक झाली आणि पहिले खासदार निवडून आले ते वसंतराव नाईक. पुसद तालुक्यातील गहुली गावचा हा बंजारा समाजाचा पुत्र १९६३ ते १९७५ अशी सलग अकरा वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्राचा मुख्यमंत्री राहिला. आणीबाणीनंतरच्या त्या निवडणुकीत काँग्रेसचे देशभर पानिपत झाले असताना वाशिमने त्यांना लोकसभेत पाठविले. १८ ऑगस्ट १९७९ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यानंतर जे घडले ते अधिक बोलके आहे. १९८० मध्ये काँग्रेसने येथे जम्मू-काश्मीरमधील दोडा जिल्ह्यातील गुलाम नबी आझाद यांना उभे केले आणि वाशिमच्या मतदाराने त्यांना निवडून दिले. १९८२ मध्ये ते केंद्रात उपमंत्री झाले आणि १९८४ मध्ये पुन्हा विजयी झाले. देशातील कोणत्याही नागरिकाने कोणत्याही राज्यातून लोकसभा लढवावी, हे घटनेने दिलेले स्वातंत्र्य आहे आणि वऱ्हाडी मतदाराने ते मोकळ्या मनाने मान्य केले. तथापि त्याच काळात वाशिमच्या माणसाला दोड्यात जमीन विकत घेता येत नव्हती की तेथील विधानसभेसाठी मतदान करता येत नव्हते. कलम ३७० आणि ३५-अ यांची ती भिंत ऑगस्ट २०१९ मध्ये कोसळली, तोवर वाशिमचा मतदारसंघ मात्र इतिहासजमा झालेला होता.

दिल्लीहून लादलेल्या उमेदवाराविषयीची नाराजी असो वा अन्य काही, १९८९ मध्ये रिसोडचे अनंतराव देशमुख येथून अपक्ष म्हणून निवडून आले. १९९१ मध्ये ते काँग्रेसचे उमेदवार म्हणून विजयी झाले. १९९६ मध्ये शिवसेनेचे पुंडलिकराव गवळी, १९९८ मध्ये जलसंधारणाला राज्यात स्वतंत्र खाते मिळवून देणारे सुधाकरराव नाईक आणि १९९९ व २००४ मध्ये पुंडलिकरावांच्या कन्या भावना गवळी. अवघ्या नऊ निवडणुका आणि सहा खासदार, एवढाच हा इतिहास. त्यात दोन माजी मुख्यमंत्री आहेत, एक अपक्ष आहे आणि पिता-कन्येची जोडीही आहे. वाशिमचा मतदार कोणाच्या खिशात नव्हता, हे सांगायला एवढी यादी पुरेशी आहे.

न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने २००१ च्या जनगणनेच्या आधारे आखलेली नवी रचना फेब्रुवारी २००८ मध्ये अमलात आली. महाराष्ट्राच्या ४८ जागा कायम राहिल्या, पण विदर्भाच्या ११ च्या १० झाल्या आणि विधानसभेच्या ६६ च्या ६२. मुंबईभोवतालच्या आणि पुण्याकडच्या वाढत्या लोकसंख्येने ती बेरीज आपल्याकडे ओढली. यवतमाळ आणि वाशिम हे दोन मतदारसंघ रद्द होऊन 'यवतमाळ-वाशिम' हा जोडमतदारसंघ जन्मला. नावात वाशिम राहिले, एवढेच समाधान.

खरी मेख पुढे आहे. वाशिम जिल्ह्यात विधानसभेच्या तीन जागा. त्यांपैकी वाशिम आणि कारंजा नव्या मतदारसंघात, पण रिसोड अकोल्यात. म्हणजे रिसोड आणि मालेगाव तालुक्यांचे जिल्हाधिकारी वाशिमला, तर खासदार अकोल्याचा. पोहरादेवीचे मानोरा एका मतदारसंघात, अंतरिक्ष पार्श्वनाथाचे शिरपूर दुसऱ्यात. यवतमाळ जिल्ह्याचे तर तीन तुकडे झाले. वणी आणि आर्णी चंद्रपुरात, उमरखेड थेट मराठवाड्यातील हिंगोलीत. ज्या २००२ च्या कायद्यान्वये हे झाले, त्याच कायद्याचे नववे कलम भौगोलिक सलगता, प्रशासकीय सीमा, दळणवळण आणि लोकांची सोय यांचा विचार शक्यतोवर करावा असे सांगते. या 'शक्यतोवर'मध्ये बरेच काही सामावले जाते!

नव्या रचनेत १९०५ मध्ये ताटातूट झालेले पुसद आणि वाशिम एका मतदारसंघात आहेत, हे मान्य करायलाच हवे. परंतु २०११ च्या जनगणनेनुसार यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या २७,७२,३४८ आणि वाशिमची ११,९७,१६०. सहापैकी चार विधानसभा क्षेत्रे यवतमाळची, दोन वाशिमची. कोणताही पक्ष उमेदवार ठरवताना आणि कोणताही खासदार वेळ देताना हे गणित विसरणार नाही. यात कोणा व्यक्तीला दोष देण्याचे कारण नाही. दोन खासदारांचा स्थानिक विकास निधी जेथे येत होता तेथे एकाचा येऊ लागला, ही साधी वजाबाकी आहे. ज्या जिल्ह्याला नीती आयोगाने २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत घातले, त्याला ही वजाबाकी अधिक जाणवते.

इंग्लंडमध्ये ओल्ड सॅरम नावाचा मतदारसंघ होता. गाव उजाड झाले, तरी १८३२ पर्यंत तेथून दोन खासदार पार्लमेंटात जात. तो रद्द झाला ते योग्यच झाले. पण तेथील लोकांनी अशा मतदारसंघांचाही इतिहास खंडच्या खंड लिहून जतन केला आहे. येथे माणसे आहेत, गावे आहेत, मतदार आहेत आणि तरीही मतदारसंघ गेला. त्याच्या इतिहासाची साधी पुस्तिकादेखील वाशिमच्या शाळा-महाविद्यालयांतून तयार होऊ नये काय? नऊही निवडणुकांत कार्यकर्ते म्हणून राबलेली मंडळी आज वार्धक्याकडे झुकली आहेत.

त्याहून तातडीचे काम निराळे आहे. गेल्या फेररचनेच्या कायद्यात प्रत्येक राज्यातील पाच खासदार आणि पाच आमदार आयोगाचे सहयोगी सदस्य होते, पण त्यांना मताधिकार नव्हता. आराखडा राजपत्रात प्रसिद्ध करून हरकती मागविण्याची आणि जाहीर सुनावणीची तरतूद होती. अंतिम आदेश निघाल्यावर कलम ३२९ मुळे न्यायालयाचे दार जवळपास बंद होते. म्हणजे बोलायची वेळ आराखडा आणि आदेश यांच्या मधली. पुढचा आयोग जेव्हा बसेल, तेव्हा रिसोड आणि मालेगाव आपल्या जिल्ह्यासोबत असावेत, उमरखेडने विदर्भातच मतदान करावे, ही मागणी तालुकावार आकडे आणि नकाशे यांसह लेखी सादर व्हायला हवी. ग्रामपंचायतींचे ठराव, वकील संघांची निवेदने, महाविद्यालयीन प्राध्यापकांनी तपासलेली लोकसंख्येची कोष्टके ही तयारी जनगणनेचे आकडे हाती येण्याआधीच सुरू झाली पाहिजे.