शोभेचा वृक्ष आणि अनर्थदंड

मोत्यांच्या व्यापारानिमित्त जपानमधील कोबे नगरीत स्थायिक झालेल्या जैन कुटुंबांचे भगवान महावीरस्वामींचे मंदिर तेथील कितानो भागात १९८५ पासून उभे आहे. त्या प्रदेशात नोव्हेंबरच्या उत्तरार्धात ‘मोमिजी’ नावाचा लहानखुरा वृक्ष लालबुंद होतो. हाच जपानी मॅपल. परदेशस्थ आप्तांच्या अंगणातील त्याची छायाचित्रे पाहून आपल्याही दारी तो असावा, असे अनेकांना वाटते. म्हणून त्याचा स्वभाव जाणून घेणे अगत्याचे आहे.

जपानी मॅपल सावकाश वाढतो. त्याची मुळे उथळ असतात. त्यास किंचित आम्लधर्मी, पाण्याचा निचरा होणारी जमीन, सकाळचे कोवळे ऊन आणि दुपारची सावली मानवते. तप्त वाऱ्याने पानांच्या कडा करपतात. बुंध्याभोवती पालापाचोळ्याचा पाच ते आठ सेंटिमीटर थर द्यावा. मात्र तो खोडास टेकू देऊ नये. कलमी रोपाच्या सांध्याखालून फुटणारे धुमारे कोवळे असतानाच काढावेत. वसंतारंभी रस वर चढत असताना छाटणी केल्यास जखमा पाझरतात. म्हणून ती पानगळीनंतर, तीही वाळक्या व एकमेकींवर घासणाऱ्या फांद्यांपुरतीच करावी. कोबेसारख्या सौम्य हिवाळ्याच्या ठिकाणी पानगळीनंतर लागवड करता येते. तोवर कार्तिकी पौर्णिमा होऊन चातुर्मासही संपलेला असतो. जमीन खणण्याचा संयम पाळणाऱ्या श्रावकास ही वेळ सोयीची होय.

परंतु या वृक्षास थंडीतील दीर्घ विश्रांती हवी असते. ती मिळाली नाही, तर वसंतातील पालवी क्षीण होते. मुंबईच्या दमट उष्म्यात वा सोलापूरच्या उन्हाळ्यात ही विश्रांती त्यास कोठून मिळणार? महागडे रोप आणावे, ते काही महिन्यांत वाळावे आणि त्याच खड्ड्यात दुसरे लावावे, यात द्रव्यहानी आहेच. परंतु श्रावकाने त्याहून मोठी हानी पाहावयास हवी. वनस्पती हा एकेंद्रिय जीव आहे. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंडक श्रावकाचारात निष्प्रयोजन जमीन खणणे, पाणी सांडणे व वनस्पती तोडणे यांस प्रमादचर्या म्हणून अनर्थदंडात गणले आहे. जेथे जीव तगणार नाही तेथे केवळ हौसेखातर त्यास आणून ठेवणे, हे त्याहून फारसे निराळे नाही.

गृहस्थाश्रमात आरंभ सर्वस्वी टळत नाही. तो विवेकाने सीमित करता येतो. ज्यांची घरे शीत प्रदेशात आहेत, त्यांनी हा वृक्ष अवश्य लावावा व यत्नपूर्वक जोपासावा. आपल्या अंगणासाठी पारिजातक, बहावा, तामण आहेतच. रोप निवडताना ते किती सुंदर दिसेल, हा प्रश्न दुसरा. ते येथे सुखाने जगेल काय, हा पहिला.