‘सार्जंट पेपर’ नेमका कोणता?

पोथीच्या पाठभेदांवर हिरिरीने भांडणारे रसिक ध्वनिमुद्रिकेला मात्र एकच पाठ असतो असे धरून चालतात. आम्हाला हे मान्य नाही. १९६७ साली ‘सार्जंट पेपर’ निघाला तेव्हा बीटल्सनी आपले लक्ष मोनो मिश्रणावर वेचले. स्टिरिओ बहुतांशी त्यांच्या गैरहजेरीत, झटपट उरकले गेले. तरी १९८७ च्या सीडीवर स्टिरिओच आले आणि तेच ‘मूळ’ ठरले. मोनोत ‘शीज लीव्हिंग होम’ अधिक जलद, वरच्या पट्टीत आहे. म्हणजे प्रश्न स्वच्छ आवाजाचा नाही, संहितेचा आहे. मोनो सीडीवर यायला २००९ उजाडले. २०१७ च्या नव्या स्टिरिओ मिश्रणाने मोनोचाच आधार घेतला, हे बरे झाले. पण पाठभेद न सांगता ‘सुधारित आवृत्ती’ विकणे याला आम्ही संपादन म्हणणार नाही.