उरलंसुरलं ते कुत्र्याला

वार्षिक अंकासाठी लेख द्यायचे ठरले तेव्हा मित्रांनी नेहमीचे विषय सुचवले. 'आजचा विद्यार्थी', 'ग्रामीण तरुण आणि स्पर्धा परीक्षा', झालेच तर 'रायगडाची हाक'. मी म्हणालो, मी कुत्र्यावर लिहिणार आहे. सगळे हसले. त्यांचे हसणे साहजिकच होते. आपल्या बोलण्यात कुत्रा येतो तो बहुधा शिवीत, नाहीतर शेपटीच्या म्हणीत. पण गेल्या आषाढात आमचा खंड्या गेला आणि तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनात ठाण मांडून बसला आहे. तो केवळ माझ्या घरचा आहे असे मला वाटत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे गाव पोलादपूर तालुक्यात, डोंगराच्या कुशीत. खंड्या काही जातिवंत कुत्रा नव्हता. गावठीच, तांबूस रंगाचा, एक कान पडलेला. रात्री रानडुक्कर शेतात उतरले की त्याच्या भुंकण्याने सारी वाडी जागी होई. वडील महाडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला. त्यांच्या पाळ्या आठवड्याला बदलतात. पण पहाटे असो वा रात्री, ते फाट्यावर उतरले की खंड्या तिथे उभा. आठ वर्षांत त्याचा नेम चुकला नाही.

त्याच्यावर आमचे सगळ्यांचे प्रेम होते. आता त्या प्रेमाचा हिशेब मांडतो. सकाळी चहात बुडवलेली दोन बिस्किटे. दुपारी ताटांत उरेल ते. रात्री शिळी भाकरी आमटीत कुस्करून. आमटीत कांदा-लसणाचे वाटण आलेच. रविवारी मटण झाले की सगळी हाडे त्याची. "आमचा खंड्या काहीही खातो," हे आम्ही पाहुण्यांना कौतुकाने सांगत असू. खरूज झाली तेव्हा गाडीचे काळे ऑइल चोपडले. गोचिडी आजी अंगणात बसून एकेक काढी आणि दगडाने चिरडी. लस म्हणाल तर शाळेजवळ एकदा शिबिर झाले तेव्हा टोचली होती. पुढे ती दरवर्षी द्यायची असते हे कोणाच्या लक्षात राहिले नाही.

आषाढात त्याने खाणे सोडले. "पावसात जनावर मरगळतंच," असे आजी म्हणाली आणि आम्हीही तेच धरून चाललो. तिसऱ्या दिवशी त्याची लघवी कोऱ्या चहासारखी दिसली. मग मात्र वडिलांनी सुट्टी टाकली. खंड्याला पोत्यावर निजवले आणि मिनीडोअर रिक्षाने आम्ही महाड गाठले. डॉक्टरांनी त्याचा ओठ वर करून हिरड्या दाखवल्या. कागदासारख्या पांढऱ्या. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. "अंगावर गोचिडी किती होत्या?" आणि "खाण्यात कांदा असतो का?" दोन्ही प्रश्नांना वडिलांनी मान खाली घालून उत्तर दिले. "तीन दिवस आधी आणायला हवं होतं," एवढेच डॉक्टर म्हणाले. त्याच रात्री खंड्या गेला. परसातल्या आंब्याखाली आम्ही त्याला पुरले.

गोचिडीमुळे की कांद्यामुळे, हे आता कळणार नाही. पण दोन्ही प्रश्नांमागचे शास्त्र मी नंतर वाचले, डॉक्टरांकडून समजून घेतले, आणि थक्क झालो. गोचिडीच्या चाव्यातून बॅबेसियासारखे सूक्ष्म जीव कुत्र्याच्या रक्तात शिरतात आणि तांबड्या पेशी फोडतात. कांदा आणि लसूण यांतली गंधकयुक्त द्रव्येही कुत्र्याच्या तांबड्या पेशींवरच घाला घालतात. कांदा शिजवला तरी त्याचा दोष जात नाही, आणि रोज थोडा थोडा पोटात गेला तरी तो साचत जातो. शिजलेले हाड कडक होते, त्याचे टोकदार तुकडे पडतात आणि आतडे फाडू शकतात. मनुका आणि द्राक्षे मूत्रपिंड निकामी करू शकतात. चॉकलेट हृदयाला आणि मज्जासंस्थेला घातक. आणि ज्या बिस्किटांना आम्ही लाड समजत होतो ती म्हणजे मैदा आणि साखर.

मग भाकरीही विषच का? नाही. येथे एक गंमतीची गोष्ट सांगितली पाहिजे. स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१३ साली 'नेचर' या नियतकालिकात लांडगा आणि कुत्रा यांच्या जनुकांची तुलना प्रसिद्ध केली. पिष्टमय पदार्थ पचवणारा पाचकरस बनवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, कुत्र्यात मात्र चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या उंबऱ्याशी राहून, त्याचे धान्य खाऊन कुत्र्याचे पोट बदलले. म्हणजे भाकरी ही आपल्या आणि त्याच्या हजारो वर्षांच्या सोबतीची खूण आहे. मात्र नुसत्या भाकरीवर त्याचे भागत नाही. त्याला प्रथिने हवीत, चरबी हवी. अंडे, कोंबडीचे बिनहाडाचे तुकडे, मीठ धुऊन काढलेली सुकट, यांतले काहीतरी रोज थोडे हवे.

आता मुद्द्यावर येतो. आमच्या तालुक्याला लागून असलेल्या महाड तालुक्यात रायगड आहे. तेथे शिवछत्रपतींच्या समाधीजवळ वाघ्या कुत्र्याचे स्मारक १९३६ साली उभे राहिले. मालकाच्या चितेत उडी घेणाऱ्या कुत्र्याची ही कथा. तिला समकालीन कागदपत्रांत आधार सापडत नाही असे अभ्यासक म्हणतात. २०१२ साली तो पुतळा हटवला गेला आणि पुन्हा बसवला गेला. २०२५ सालीही त्यावरून वाद पेटला. त्या वादात मला पडायचे नाही. मला दिसते ते इतकेच, की त्या कुत्र्यासाठी दोन्ही बाजूंनी घसा कोरडा करणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांनी स्वतःच्या दारातल्या कुत्र्याला यंदा लस टोचली? कुत्र्याने आपल्यावर कसे प्रेम करावे याचे आदर्श आपण उभारले. आपण त्याच्याशी कसे वागावे, हा प्रश्न मात्र राहूनच गेला.

आणि हे ज्ञान आपल्याकडे नव्हते असेही नाही. नामदेवांची गोष्ट लहानपणी कोणी ऐकली नाही? कुत्र्याने भाकरी पळवली तेव्हा नामदेव काठी घेऊन धावले नाहीत. कोरडी भाकरी घशाखाली कशी उतरेल म्हणून तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. भाविक या कथेत भूतदया पाहतात. मला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. नामदेवांनी खाणाऱ्याच्या घशाचा विचार केला. श्राद्धाच्या दिवशी आपण कावळ्याबरोबर गाईसाठी आणि कुत्र्यासाठीही घास वेगळा काढतो, आणि तो जेवणाआधी काढतो. वर्षातून एक दिवस कुत्र्याचा वाटा आधी निघतो आणि उरलेले ३६४ दिवस शेवटी. माझे म्हणणे सारे या एका वाक्यात आहे: काढून ठेवलेला घास आणि उरलेला घास यांत फरक आहे. पहिल्यात खाणाऱ्याचा विचार असतो, दुसऱ्यात आपल्या सोयीचा.

हे सारे मी वसतिगृहातल्या एका मित्राला सांगितले. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "अरे, ज्या गावात जनावरांना तळ्यावर मोकळीक होती आणि माझ्या पणजोबांना नव्हती, त्या गावात तू कुत्र्याच्या जेवणावर लिहिणार?" मी निरुत्तर झालो. १९ आणि २० मार्च १९२७ची महाडची परिषद आणि चवदार तळ्याचा सत्याग्रह आपण दरवर्षी स्मरतो. त्याच परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उष्टे आणि शिळे तुकडे घेणे सोडा, असे आपल्या बांधवांना बजावले होते. माणसाच्या त्या अपमानाशी कुत्र्याच्या भुकेची तुलना करण्याचा करंटेपणा मी करणार नाही. मित्राला मी इतकेच म्हणालो, की जनावराला पाणी मिळाले ही त्या तळ्याची लाज नव्हती, माणसाला नाकारले ही होती. तो म्हणाला, "मग तेही लिही." म्हणून लिहिले.

त्याच्या बोलण्याने माझा एक गैरसमज मात्र दूर झाला. उरलेले देऊन आपण उपकार करतो, असे देणाऱ्याला वाटते, आणि एकदा तसे वाटले की घेणाऱ्याला काय हवे हे विचारण्याची गरजच उरत नाही. आमचे खंड्याच्या बाबतीत नेमके तेच झाले. आमचे प्रेम खोटे नव्हते, पण त्या प्रेमाने कधी काही विचारले नाही.

कोणी म्हणेल, हे शहरी थेर आहेत, खेड्यातल्या माणसाला परवडणार नाहीत. मीही दुकानात जाऊन गोळ्यांच्या खाद्याच्या पिशवीची किंमत पाहून आलो आणि आमच्या घरचा महिन्याचा किराणा आठवला. पण महाग तेच उत्तम असेही समजू नये. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ साली धान्यविरहित महागड्या खाद्याचा कुत्र्यांच्या हृदयविकाराशी संबंध आहे का याची चौकशी सुरू केली. ठाम निष्कर्ष निघाला नाही, पण पिशवीवरच्या जाहिरातीपुढे डोळे मिटू नयेत एवढा धडा त्यातून घेता येतो. मी सुचवतो आहे त्याला पिशवी लागत नाही. आमटीला फोडणी देण्याआधी शिजलेली डाळ त्याच्या वाट्याची बाजूला काढा. भाकरीबरोबर आठवड्यातून काही वेळा अंडे द्या. हाडे खड्ड्यात पुरा. काळे ऑइल गाडीलाच राहू द्या. जंताचे औषध, गोचिडीचे औषध आणि लस यांच्या तारखा दिनदर्शिकेवर लिहा. गॅस सिलिंडरची तारीख लिहितोच ना?

यात माणसाचाही स्वार्थ आहे. माणसांना होणारा रेबीज जवळजवळ सर्व प्रकरणांत कुत्र्याच्या चाव्यातून होतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि लक्षणे दिसू लागल्यावर त्यावर इलाज राहत नाही. लुई पाश्चरने १८८५ साली लस टोचून एका मुलाला वाचवले, त्यालाही आता १४० वर्षे होऊन गेली. जुलै २०२१मध्ये महाडने जो पूर पाहिला, तशा पुराच्या चिखलातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस माणसाला होतो तसा कुत्र्यालाही होतो, आणि आजारी कुत्र्याच्या लघवीतून तो घरात येऊ शकतो. दारातले कुत्रे निरोगी असणे ही घराच्याच आरोग्याची गोष्ट आहे.

म्हणून माझी प्राध्यापकांना आणि मित्रांना एक विनंती आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, बंधारे बांधतो. यंदा त्यात एक दिवस पशुवैद्यकांना बोलावून गावातल्या कुत्र्यांना रेबीजची लस देण्याचा ठेवावा. २८ सप्टेंबर हा पाश्चरचा स्मृतिदिन जागतिक रेबीज दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी भित्तिपत्रके लावण्यापेक्षा पाच वाड्यांत लस पोचली तर अधिक बरे. कुत्र्याला धरायचे काम माझ्याकडे द्यावे. आठ वर्षांचा अनुभव आहे.

असो. दिवाळीत शेजारच्या वाडीतून एक पिल्लू आमच्याकडे आले. आजीने त्याचे नाव अजून ठेवू दिलेले नाही. ती म्हणते, घाई नको. पण परवा मी घरी गेलो तेव्हा चुलीजवळ एक लहान जर्मनची वाटी वेगळी ठेवलेली दिसली. आई डाळ घोटत होती. फोडणीची पळी उचलण्याआधी तिने दोन डाव डाळ त्या वाटीत काढली आणि मग कांदा चिरायला घेतला. मी काही बोललो नाही. वडील पाळीवर निघाले होते. जाताना त्यांनी वाटीकडे पाहिले आणि म्हणाले, "निवली की घाला त्याला."