फ्रिजमधलं पेन

शनिवारची रात्र, धरमपेठेतल्या मित्राचा फ्लॅट, जेवायला सावजी मागवलेलं. पाण्याची बाटली काढायला फ्रिज उघडला, तर लोणच्याच्या बरणीशेजारी इंजेक्शनचं पेन. ‘काय बे, शुगर निघाली काय?’ तर म्हणे, ‘नाही, ग्रोथ हार्मोन.’ पठ्ठ्या आधीच पाच फूट दहा इंच! अजून किती वाढायचंय?

आपण नागपूरकर. उंचीचा विषय निघाला की आपल्याला ज्योती आमगे आठवते. २०११ साली अठराव्या वाढदिवशी ६२.८ सेंटिमीटर उंचीची ती जगातली सर्वांत कमी उंचीची स्त्री ठरली. पण तिचं कारण वेगळं. हार्मोनचा तिथे संबंध नाही.

मित्राची गोष्ट वेगळी. मेंदूच्या बुडाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. तिच्यावरची गाठ तीन वर्षांपूर्वी काढली. गाठ गेली, पण ग्रंथीचं दुकानही बसलं. थायरॉइड आणि कॉर्टिसोलच्या गोळ्या आधी सुरू झाल्या. तरी दुपारी चारला बॅटरी डाऊन, पोट सुटलेलं, मूड ऑफ. ऑफिसात सगळे म्हणायचे, आळशी झालाय. मीही म्हणालो होतो, आता लाज वाटते.

उंची थांबली म्हणून हे हार्मोन काही रिटायर होत नाही. चरबी, स्नायू, हाडं यांचा हिशेब ते पुढेही ठेवतं. म्हणून रोज रात्री पोटाला किंवा मांडीला एक टोचणी. रक्तातलं आयजीएफ-१ बघून डोस कमी-जास्त होतो. जास्त झाला तर अंगावर सूज, सांधेदुखी. कॅन्सर सक्रिय असेल तर देतच नाहीत. (जिमवाले भाई, मसल्ससाठी हे घ्यायचा विचारही नको!)

आणि आपलं ऊन! पेन २ ते ८ डिग्रीत ठेवायचं, आणि शहर असं की २३ मे २०१३ ला पारा ४७.९ वर गेलेला. लाईट गेली की हा आधी फ्रिजकडे धावतो. अमेरिकेत मोठ्यांसाठी आठवड्यातून एकदाच घ्यायच्या इंजेक्शनला २०२० मध्ये मंजुरी मिळाली. ते ऐकून याचे डोळे चमकतात.

खरा प्रश्न, किती वर्षं? खर्च जबर आहे. चरबी घटते, हाडं सुधारतात. पण तरतरी प्रत्येकालाच येते असं नाही, आणि आयुष्य वाढतं याचा पक्का पुरावा नाही. ब्रिटनमध्ये २००३ साली ठरलं, ९ महिन्यांनी प्रश्नावली पुन्हा भरून घ्यायची, ७ गुणांची सुधारणा नसेल तर औषध बंद. (पंचविशीच्या आतल्यांची हाडं अजून भरत असतात, त्यांचा हिशेब निराळा.) मित्रानंही डॉक्टरांशी बोलून स्वतःला ९ महिनेच दिलेत. सात झाले. वजन तेवढंच, पण पँट सैल झालीय, आणि चार वाजता तो हल्ली चहाला स्वतःहून हाक मारतो.

साडेदहाचा अलार्म वाजला. त्यानं पेन काढलं, शर्ट वर केला. ‘रस्सा गार होतोय, तू वाढ ना बे!’