यादवी पडद्यावरची आणि पडद्यामागची

मराठीत गृहयुद्धाला ‘यादवी’ म्हणतात. या शब्दामागे प्रभासक्षेत्री झालेल्या यादवकुळाच्या संहाराची कथा आहे. यादव परस्परांवर तुटून पडले ते समुद्रकाठचे एरका गवत उपटून. ते गवत उगवले होते पूर्वी समुद्रात फेकलेल्या मुसळाच्या चूर्णातून आणि ते मुसळ निपजले होते ऋषींच्या उद्धट थट्टेतून. पुराणकाराने संहाराआधी थट्टा सांगितली. आधुनिक यादवीवरचे चित्रपट मात्र बहुधा गवत उपटले जाते तेथूनच सुरू होतात.

श्रीलंकेचे उदाहरण आपल्याला सर्वांत जवळचे. १९८३ ते २००९ अशी २६ वर्षे तेथे यादवी पेटली होती. १९८७ ते १९९० या काळात भारतीय शांतिसेनेचे ११००हून अधिक जवान तेथे धारातीर्थी पडले. १९९१ मध्ये राजीव गांधींची हत्या झाली. त्यामुळे या विषयावरचा चित्रपट हा भारतीय घरांत केवळ करमणुकीचा विषय राहत नाही. नव्या पिढीला हा इतिहास प्रथम कळतो तो बहुधा पडद्यावरूनच.

तो कसा कळतो? शूजित सरकार यांचा ‘मद्रास कॅफे’ (२०१३) तपशिलात चोख आहे. जंगल, छावण्या, गुप्तचरांच्या हालचाली या साऱ्यांना वास्तवाचा स्पर्श आहे. परंतु कथेची सूत्रे अखेर परकीय हितसंबंधांच्या कारस्थानाकडे जातात. शस्त्रे खरी वाटली की कारणेही खरी वाटू लागतात, हा पडद्याचा मोठा धोका आहे. परका खलनायक सापडला की प्रेक्षक निश्चिंत होतो. घरात काय चुकले हे विचारण्याची त्याला गरज उरत नाही.

मणिरत्नम यांचा ‘कन्नत्तिल मुत्तमिट्टाल’ (२००२) अधिक तरल आहे. चेन्नईत वाढलेली दत्तक मुलगी जन्मदात्या आईच्या शोधात लंकेत जाते; आई बंडखोरांत सामील झालेली असते. युद्ध घरे कशी मोडते हे येथे मनाला भिडते. मात्र युद्ध का झाले, या प्रश्नापाशी चित्रपट थबकतो. वेदना दिसते, तिचे निदान दिसत नाही.

निदान होते ते रुक्ष कागदांत. १९५६ मध्ये सिंहली ही एकमेव राजभाषा ठरली आणि तमिळ भाषकाला आपल्याच देशातील कचेरीत परके वाटू लागले. १९५७ मध्ये पंतप्रधान बंडारनायके आणि तमिळ नेते चेल्वनायकम यांच्यात समझोता झाला. भिक्षू आणि विरोधी पक्ष यांच्या दबावापुढे तो वर्षभरातच मोडला. १९७०च्या दशकाच्या आरंभी वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशासाठी तमिळ विद्यार्थ्यांना अधिक गुणांची अट लागली. १९८१ मध्ये जाफन्याचे ग्रंथालय हजारो ग्रंथांसह जळाले. जुलै १९८३ मध्ये वणवा भडकला, तेव्हा सरपण २७ वर्षे साचत आले होते.

याचा अर्थ बंदूक न्याय्य ठरते असा नव्हे. ज्या वाघांनी तमिळांच्या मुक्तीची भाषा केली, त्यांनीच १९८९ मध्ये अमृतलिंगम यांच्यासारख्या ज्येष्ठ तमिळ नेत्याला ठार केले आणि कोवळ्या मुलांच्या हाती शस्त्रे दिली. अन्यायातून जन्मलेले हिंसक बंड प्रथम स्वजनांनाच गिळते. कारण आणि परिणाम यांची ही दुहेरी साखळी फारच थोडे चित्रपट दाखवू धजतात.

युद्धाच्या सत्याजवळ पोहोचला तो एक छोटा सिंहली चित्रपट: प्रसन्ना विथानगे यांचा ‘पुरहंद कळुवर’ (१९९७). त्यात लढाई नाही. सैनिक मुलाची मोहोरबंद शवपेटी घरी येते. अंध पित्याला तो मेला हे पटत नाही. भरपाईच्या कागदावर तो सही करीत नाही. अखेर पेटी उघडली जाते आणि आत मुलाचा देह नसतो. शासनाने २००० मध्ये प्रदर्शन रोखले; दिग्दर्शकाला सर्वोच्च न्यायालयात दाद मागावी लागली, तेव्हा कोठे तो खुला झाला. युद्धपटांतील तोफांनी शासन अस्वस्थ होत नाही. एका पित्याच्या साध्या शंकेने होते.

चित्रपट हा पाठ्यग्रंथ नव्हे, हे मान्यच. अडीच तासांत २७ वर्षे मावत नाहीत. राजपत्र आणि गुणपत्रिका यांना नाट्य नसते. म्हणूनच उणीव भरून काढण्याचे दायित्व प्रेक्षकावर येते. असा चित्रपट पाहून घरी परतल्यावर आईवडिलांनी मुलांना एवढेच विचारावे: पहिली गोळी सुटली, त्याच्या २० वर्षे आधी तेथे काय चालले होते? समाज एकसंध राहावा असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनी तर हा प्रश्न सर्वांआधी विचारावा. बंधूच्या भाषेचा, मानाचा आणि संधीचा उपमर्द ही प्रारंभी थट्टाच वाटते. तिचे मुसळ केव्हा होते ते कळत नाही, आणि चूर्ण करून समुद्रात फेकले म्हणून ते नाहीसेही होत नाही.